राजेश्वरीमावशीची सही

कुसगावात बातमी पसरली, की राजेश्वरीमावशीला ऑस्ट्रियात विनातिकीट पकडलं आणि दोन तास स्टेशनात बसवून ठेवलं. डेअरीवरचा सोपान तर गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून सांगायचा, "जल्मभर लोकांना तिकिटं दिली, आन् सोताच घावली की वो!"

बसली होती ती दोन तास, हे खरं. पण तिला कुणी बसवलं नव्हतं.

मावशी माहेरची वडिवळ्याची. एकतीस वर्षं लोणावळा स्टेशनच्या तिकीट खिडकीत काढली. खिडकीतला तिचा आवाज वेगळा, घरातला वेगळा. खिडकीत: "कुठलं? किती? सुट्टे काढून ठेवा. पुढचे!" घरात: "आगं, लय दमले, च्या टाक." निवृत्त झाल्यावर बँकेनं क्रेडिट कार्ड दिलं. मावशीनं पाठीमागच्या पट्टीवर घोटून मराठीत सही केली, खाली दोन टिंबं दिली, आणि पिन काही बनवला नाही. "चार आकडे कुनाच्याबी ध्यानात ऱ्हात्यात. माजी सही करून दाखवा की!" लोणावळ्यात कार्ड नुसतं टेकवलं की भागायचं, त्यामुळे कधी अडलं नाही.

ऑस्ट्रियात लेकीकडे निघाली तेव्हा मी, तिची शेजारीण, तिला म्हटलं, "मावशी, तिकडं तुझी सही कुत्रं विचारणार नाही."

"आन् इचारली तर?"

"तर महिनाभर मी लोकांना तुझी नक्कल करून दाखवणार नाही."

"हात दे."

तिकडे एके दिवशी जावयानं, आदिनाथनं, कामावर जाताना तिला तळ्याकाठच्या एका छोट्या गावात सोडलं. परत ती एकटी रेल्वेनं येणार होती. नात तन्वीचा वाढदिवस होता, केक चार वाजता. तळं बघून झालं (आपल्या लोणावळ्याच्या तुंगार्ली तळ्याएवढंच, बाक तेवढे जास्त), आणि मावशी स्टेशनात येऊन तिकिटाच्या मशीनपुढं उभी राहिली. कार्ड टेकवलं, मशीन ढिम्म. आत सारलं, तर पडद्यावर चार रिकामे चौकोन. पिन.

रोख पैसे होते ते कॉफीत गेलेले. तिनं आदिनाथला फोन लावला.

"आई, पिन आत्ता बनवू. मोबाइलवर ओटीपी येईल तेवढा सांगा."

ओटीपी आला असेलही. पण तो कुसगावच्या कपाटात. भारतातलं सिम मावशीनं हरवू नये म्हणून डब्यात घालून ठेवलं होतं.

"मग असं करा, गाडीत बसा तुम्ही. कुणी आलं तर दंड भरू. नाहीतर मी इथूनच तिकी—" आणि मावशीच्या फोनची बॅटरी संपली.

गाडी आली. दारं आपोआप उघडली, अगदी अदबीनं. फाटक नाही, टीसी नाही. मावशीनं एक पाय उचलला. एकतीस वर्षं तिच्या खिडकीला वळसा घालून फलाटावर जाणारे फुकटे तिला नुसत्या पाठीवरून ओळखू यायचे. त्यांच्यात आपली पाठ? पाय खाली आला. दारं मिटली. तन्वी केकपाशी वाट बघत बसणार, हे तिला त्या मिटल्या दारात दिसत होतं.

तेव्हा कोपऱ्यात तिला खिडकी दिसली. पडदा ओढलेला, वर घड्याळाचं चित्र, काटे तीनवर. पडद्याखालून उजेड येत होता. म्हणजे आत माणूस आहे आणि जेवतोय. काच वाजवली असती तर उठलाही असता. पण मावशीच्या डब्याच्या वेळी लोक काचेवर नाणं वाजवायचे, आणि ते टकटक तिच्या कानातून अजून गेलेलं नाही. ती बाकावर बसली. आणखी एक गाडी गेली.

तीनला पडदा वर. आत पांढऱ्या मिशांचा माणूस. "नो पिन," मावशी म्हणाली, "साइन." त्यानं कार्ड त्याच्या यंत्रात घातलं, चिठोरी बाहेर आली, खाली सहीची रेघ. घाईत मावशीनं केली सही. त्यानं कार्ड उलटं करून अक्षर न् अक्षर ताडून बघितलं आणि मान हलवली. टिंबं नव्हती! पेन परत तिच्याकडे सरकवून त्यानं हातानंच खुणावलं, सावकाश.

"शिस्तीचा मानूस," मावशी अजून सांगते. "मी आसते तर मीबी तेच केलं आसतं."

केक पावणेपाचला कापला. तन्वीनं आधी गाल फुगवले, मग आजीचं तिकीट मागून घेतलं आणि स्वतःच्या वहीत चिकटवलं.

परत आल्यावर मावशीनं माझ्या हातावर त्या चिठोरीची मागून घेतलेली प्रत ठेवली. एकाखाली एक दोन सह्या, खालचीला टिंबं.

"मोज. दोनदा इचारली."

"मावशी, पैज एका महिन्याची होती."

"एकदा इचारली तर एक म्हैना, आसंच ठरलंवतं. दोनदा इचारली." मग खिडकीतला आवाज: "पुढचे!"

आज माझ्या नक्कलबंदीचा नववा दिवस. सोपानला हे सगळं करून दाखवता आलं असतं तर पाच मिनिटांत काम होतं. आता लिहून त्याच्या काउंटरवर ठेवते आहे.