अकरा महिन्यांचा करार

आमच्याकडे भाडेकरू आणि स्थळं दोन्ही रविवारीच बघतात, कारण इतर दिवशी बाबांना कोणाशी गोड बोलता येत नाही.

कंपनी घरचीच. डोंबिवलीत दोन बिल्डिंगा, ठाण्यात वर्तकनगरला एक. बाबा, काका आणि मी डायरेक्टर. आई कुठल्याच पदावर नाही, त्यामुळे सगळे निर्णय तिचे. बाबांनी मला धंद्याचं एकच तत्त्व शिकवलंय: भाडेकरूला आधी बोलू द्यायचं नाही. तो बोलायला लागला की गीझर मागतो.

त्या रविवारी चार वाजता, आम्ही राहतो त्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट बघायला एक गृहस्थ येणार होते आणि पाचला ठाण्याहून केतकी, तिच्या वडिलांबरोबर, मला बघायला. आधीची काही स्थळं हुकली होती (बहुतेक मुलींना मी नको होतो, एकीला डोंबिवली). केतकीचा फोटो मात्र मी आईच्या फोनवरून गुपचूप स्वतःला पाठवला होता आणि सारखा बघत होतो. हे जमावं असं मला मनापासून वाटत होतं.

चारला मी बर्म्युडा घालून, हातात पाना घेऊन त्या फ्लॅटचा गळका नळ बसवला आणि गेटपाशी आलो. समोर एक गृहस्थ आणि हेल्मेट धरलेली चष्मेवाली मुलगी.

"पाटलांकडे आलोय. जरा लवकरच..." गृहस्थ म्हणाले.

"मीच पाटील. चला, वरती दाखवतो." आणि तत्त्वाला जागून मी पुढे त्यांना बोलूच दिलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर गृहस्थ रिकाम्या हॉलमध्ये बसायला खुर्ची शोधू लागले. भाडेकरू सहसा खुर्ची शोधत नाहीत, पण तेव्हा मी भिंतीचा रंग दाखवण्यात गुंग होतो.

"भिंतीला खिळा मारायचा नाही. पाहुणे दोन दिवसांच्या वर नकोत. दुपारी मिक्सर नाही, माझी आई झोपते. करार अकरा महिन्यांचा. वागणूक बरी वाटली तर पुढे वाढवू."

"अकरा महिने?" गृहस्थांचा चेहरा लालबुंद झाला.

"सगळीकडे असंच असतं, काका. आधीची माणसं तर सहा महिन्यांत गेली."

"केतकी, चल. निघू आपण."

हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

"थांबा हो बाबा," मुलगी चष्मा पुसत म्हणाली. "आणि समजा नाही पटलं, तर?"

"एक महिन्याची नोटीस. दोन्ही बाजूंनी."

"दोन्ही बाजूंनी? मग ठीक आहे."

तेवढ्यात आईचा फोन आला. ती कुजबुजत होती. "अरे, कुठे आहेस? मुलीकडचे आलेत, शर्ट घालून खाली ये. एकटेच गृहस्थ आलेत, मुलगी मागून येत असेल. दोनदा पोहे घेतले. पण माणूस विचित्र आहे रे, सगळे नळ सोडून बघतोय. आता बाबांना विचारतोय, गीझर मिळेल का."

माझ्या हातातला पाना माझ्याच पायाच्या अंगठ्यावर पडला. मी समोर बघितलं. फोटोतली नऊवारी, नथ आणि मोकळे डोळे मनातल्या मनात काढून त्या जागी जीन्स, चष्मा आणि हेल्मेट ठेवलं. तीच होती. इतक्या दिवसांचा माझा अभ्यास वाया गेला होता.

मी लंगडत माफी मागितली. तिचे वडील लिफ्टकडे निघालेसुद्धा, पण ती भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "बाबा, बाकीच्या मुलांचे नियम नंतर कळले असते," ती म्हणाली. "याने निदान आधी तरी सांगितले."

भाडेकरूने गीझरसकट फ्लॅट घेतला आणि केतकीने मला घेतलं. आता ती आमच्या कंपनीत चौथी डायरेक्टर आहे. दर अकरा महिन्यांनी मला समोर उभं करून वागणूक तपासते आणि मग मुदत वाढवते. आमच्या बेडरूमच्या भिंतीत तिने आतापर्यंत इतके खिळे मारलेत की रंग शोधावा लागतो. मी एका शब्दाने बोललेलो नाही. नोटीस एकच महिन्याची आहे.