तेवढ्याच बाया

माझ्या पीएचडीचा विषय घरात कुणालाच कळत नव्हता. दोन रस्ते, त्यांवरून एकाच दिशेने सरकणारे कण, आणि दोन्ही रस्त्यांना कणांचा साठा एकच. एका रस्त्यावर कण लवकर सोडले की दुसरा रिकामा पडतो. एकूण वाहतूक वाढत नाही. बाभुळगावच्या कॉलेजात शिकवता शिकवता सहा वर्षांत हे मी गणिताने सिद्ध केलं.

त्या हंगामात नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. शेत माझ्यावर. सोमवारी अमरावतीला शेवटचं सादरीकरण. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, ते चुकलं तर नोंदणी रद्द. इकडे आभाळ भरून येत होतं. रविवारपर्यंत कापूस वेचून झाला तरच मला निघता येणार होतं. बायांसोबत थांबायला, कापूस तोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

वेचणीला येणाऱ्या बाया मोजून बारा. बांधापलीकडचं शेत मोठ्या जाऊबाईंचं. बुधवारी त्यांचा ऑटो सातला बायांच्या वस्तीवर गेला, सगळ्यांना घेऊन आला आणि मागून गेलेला माझा रिकामा परत आला. गुरुवारी मी साडेसहाला पाठवला. शुक्रवारी त्यांनी सहाला. शनिवारसाठी मी ऑटोवाल्याला साडेपाच सांगितले.

"मॅडम, त्यापरीस रातीच नेऊन झोपवतो त्याईले वावरात," तो म्हणाला.

शनिवारी बाया पेंगतच उतरल्या. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "बाई, ऑटो कवाबी पाठवा. आमी तेवढ्याच आहो."

चार दिवसांत दोघींना दोन-दोन दिवस मिळाले होते. सातचीच वेळ ठेवून दिवस वाटून घेतले असते तरी तेवढेच मिळाले असते. माझाच निष्कर्ष, आणि मी त्याच्या उलट धावत होते.

माझी अजून एका दिवसाची वेचणी उरली होती. संध्याकाळी जाऊबाईंकडे गेले. "आता एक दिवस तुमचा, एक माझा. ऑटो सातलाच."

"मंग उद्या माझा. आज तू नेल्या."

"म्हणजे माझा सोमवार. सोमवारी मले अमरावतीले जायचं आहे."

"माहीत आहे. पण माह्याबी कापसावर तेच आभाळ आहे. वाटणी तूच घेऊन आली ना?"

त्यांचं चुकत कुठेच नव्हतं. गाइडना फोन केला. ऑनलाइन चालणार नाही, म्हणाले.

सोमवारी मी शेतात वजनकाट्यापाशी उभी होते. म्हातारी गाठोडं घेऊन आली. "काहो बाई, आज अमरावतीले जानार होत्या ना?"

"राहिलं."

"काहून?"

"तुम्ही तेवढ्याच ना," मी म्हटलं आणि तिचं गाठोडं काट्याला अडकवलं.