तू आलीस तर अद्रक कोण करंल?

आमच्या आखाडा बाळापूरला झोपताना प्यायच्या अद्रकाच्या पाण्यालाही चहाच म्हणतात. पत्ती नाही, दूध नाही, तरी चहा. जेवणं आटोपली, ओटा पुसला, की मी खलबत्ता काढायची. अद्रक किसायचं नाही, ठेचायचं. गवती चहाची पात गाठ मारून टाकायची, पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं आणि गूळ गॅस बंद केल्यावरच. सासूबाई तो बशीत ओतून प्यायच्या, तोंड जरा वाकडं करून. औषध म्हटल्यावर तोंड वाकडं व्हायचंच, असं मला वाटायचं.

ही कृती मला नवऱ्यानं शिकवली, लग्नानंतर पुण्याला कंपनीत परत जायच्या आदल्या दिवशी. "आईला याच्याशिवाय झोप न्हाई," असं सांगून ते गेले. सासरे आधीच वारलेले, नणंद दिल्या घरी. मी पुण्याला कधी येऊ, असं विचारलं की फोनवर ठरलेला सवाल यायचा: "तू आलीस तर आईचं अद्रक कोण करंल?" बरं, आईंना घेऊन येते म्हटलं तर खोली लहान. अशी वर्षं गेली. माणसं नोकरीत अडकतात, लेकराबाळांत अडकतात. मला बोटभर अद्रकानं दावणीला बांधलं होतं.

शेजारणी म्हणायच्या, "सासूचं लई करती पोरगी." त्या कौतुकाची मला धास्ती वाटायची. एकदा कौतुक झालं की बाईला घरातून पाय काढता येत नाही. आठवडी बाजारात अद्रकाचा ढीग दिसला की लाथ मारावीशी वाटायची, आणि तरी मी खाली बसून चांगलं रसरशीत अद्रक निवडून घ्यायची.

यंदाच्या उन्हाळ्यात सासूबाईंची छाती जळायला लागली. आंबट ढेकर यायचे, घास उतरेना. मी त्यांना ऑटोत बसवून गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. रात्री काही घेता का, असं त्यांनी विचारल्यावर मी मोठ्या तोऱ्यात सगळी कृती सांगितली.

"रोज? एवढं अद्रक?" डॉक्टर म्हणाले. "आधी ते बंद करा."

बाहेर बाकावर टेकल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला पैल्यापासूनच अद्रकाची तकलीफ हाय. पित्त होतं. माझ्या लेकाला ठाऊक हाय की."

"मंग पीत काहून होत्या तुमी?"

"त्यो फोनवर म्हणला, पीत जा, ती मन लावून करती, तिला तेवढाच इरंगुळा हाय. अन् तू भरला कप घेऊन समोर उभी. सुनेच्या हातचं भरलं भांडं परत लावत न्हाईत, बाई."

मला आधी हसू आलं आणि मग डोकं तापलं. एक नको ते करत होती, दुसरी नको ते पीत होती, आणि पुण्यातला माणूस दोघींच्या जिवावर निवांत झोपत होता. माझा चेहरा बघून सासूबाईंनी हात धरला. "तू जा त्याच्याकडं. माझी बहीण हाय की गल्लीत, ती येईल सोबतीला. आजच फोन कर."

घरी आल्याबरोबर मी फोन स्पीकरवर लावला. सासूबाई शेजारीच बसल्या. मनातल्या मनात माझी बॅग भरून झाली होती. किती दिवसांनी मला इतकं हलकं वाटत होतं.

"डॉक्टरनं आईंचं अद्रक बंद केलं," मी म्हणाले. "आता रात्रीचं काही करायचं न्हाई. मावशी येतील सोबतीला. मी येते रविवारी पुण्याला."



"बरं झालं दाखवलं ते," नवरा अगदी काळजीच्या आवाजात म्हणाला. "मंग तिला हळदीचं दूध देत जा. हळद घरचीच हाय. मावशीला न्हाई जमणार, ती इसरती. तू रोज देत जा."

मी सासूबाईंकडं पाहिलं. लेकापुढं त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या, आत्ताही खाली मान घालून पदराचं टोक चाचपत बसल्या.

दूध त्यांना चांगलं पचतं.