कमळाकरचं एकच क्रियापद

माजा दीर कमळाकर अजून जिवंत आहे, म्हणून बोलून घेते. मेल्यावर चांगलंच बोलावं लागंल, आणि एवढं खोटं मला जमायचं नाय.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडं. घर एकच, दोन भावांत वाटलेलं, मधी कारवीचा कुड, शेणानं लिंपलेला. अलीकडं मी गिरजा आणि माजे मालक सावळाराम. पलीकडं धाकटा कमळाकर आणि त्याची बायको सुंदरा, शहापुराकडची. कुड कसला, नुसता पडदा. पलीकडं कोणी शिंकलं तरी अलीकडं कळतं. त्यामुळं झालं काय, मला ग म भ न येत नाय, पण स्पॅनिश येते. हसता काय? ऐका. त्राबाहो, त्राबाहास, त्राबाहा, त्राबाहामोस, त्राबाहाइस, त्राबाहान. चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ कानावर पडलं तर म्हशीलासुद्धा पाठ होईल.

सन चौतीसला कमळाकर वाशिंदला गाडीत बसला आणि मुंबईला गेला. तिथं एका पाद्रीच्या घरी भांडी घासायला राह्यला. पाद्री स्पेन देशाचा, माणूस भला असावा, कारण त्यानं ह्याला वर्षभर सांभाळला. पाद्री परत जायला निघाला तेव्हा ह्यानं त्याचे पाय धरले, मलापण न्या म्हणून. पाद्री म्हणाला, माज्या भावाचा समुद्रापलीकडं मोठा मळा आहे, तिथं माणसं लागतात, मी पत्र धाडीन, तोवर आमची भाषा शिक. हे कमळाकर सांगतो. पाद्री खरं काय म्हणाला ते पाद्रीला ठाऊक. पण त्यानं एका वहीत एक क्रियापद सगळ्या काळांत लिहून दिलं, उच्चार आपल्या अक्षरांत. हे एक आलं की त्याच चालीची शंभर येतात, असंही म्हणाला म्हणे. पुढची पानं कोरी सोडली होती, बाकीची ह्यानं भरायची म्हणून. ती वही घेऊन हा गावी परत आला, आणि पानं कोरीच राह्यली.

एकदा मी विचारलं, "भावजी, ह्या तुमच्या त्राबाहोचा अर्थ तरी काय?"

बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "राबणं, वयनी. मी राबतो, तू राबतोस, तो राबतो. मग मागला काळ, मी राबलो. मग पुढला, मी राबेन. अगदी सरळ चालीचं क्रियापद आहे, कुठं वाकडं जात नाय."

मी हंडा खाली ठेवला आणि तिथंच बसले. सुंदरा पहाटेपासून रानात गेलेली, रोपाच्या जागेवर राब भाजतात त्याच्या फांद्या तोडायला, आणि हा बाजेवर पडून सहा जणांना राबवत होता. हसावं की ह्याच्या डोक्यात हंडा घालावा ते मला कळेना. शेवटी हंडा उचलला आणि घरात गेले, कारण हंडा तांब्याचा होता.

दर सोमवारी कमळाकर कोट घालून टोकावड्याला डाक बघायला जायचा. कोट पाद्रीचाच, कोपरावर विरलेला. परत येताना तोंड एवढंसं, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू. सुंदरा कधी बोलली नाय. मी चिडले की म्हणायची, "असू दे गो जाऊबाय, कोणाला तरास तर नाय ना देत." मला तिच्या ह्या बोलण्याची जास्त चीड यायची.

आता आमच्याकडची सावड सांगते, म्हणजे पुढलं कळंल. आमची चार घरं सावडीत. भाताची लावणी, आमी आवणी म्हणतो, ती एकट्या घराच्यानं होत नाय. एक दिवस सगळे नांगर ह्याच्या खाचरात, एक दिवस त्याच्या. गडी चिखल करतात, बाया रोप लावतात. नेम असा, की गड्याच्या दिवसाला गड्याचा दिवस, बाईच्या दिवसाला बाईचा. सुंदरा दोन बायांचं काम करायची, पण तिचे दिवस गड्याच्या दिवसात धरत नसत. बाईनं नांगराला हात लावायचा नाय, हा आमच्याकडं नेमावरचा नेम. बाईनं रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरलं तर शेत रुसतं म्हणतात. मग कमळाकरचे दिवस कोण भरायचं? त्याचा भाऊ. माजे मालक स्वतःच्या दिवसाचं आऊत, म्हणजे नांगर नि बैल, हाकून वर ह्याच्या दिवसाचंही हाकायचे, आणि हा बांधावर छत्री घेऊन कोणता काळ चाललाय ते सांगायचा.

सन अडतीसला वैशाखात फांद्या तोडताना कोयता मालकांच्या पायावर बसला. आषाढ आला तरी जखम भरली नव्हती. सावडीतले थोरले कुंडलिकबाबा, ते सरळ कमळाकरच्या ओटीवर आले.

"कमळाकर, सावळारामाचं घर मी बघतो, तो दुखण्यात आहे. तू धडधाकट आहेस. यंदा तू उभा राह्यला पायजेस. तू नाय आलास तर तुज्या खाचरात कोणाचं आऊत येणार नाय."

"येईन बाबा," कमळाकर म्हणाला. "राबेन."

मी कुडाअलीकडून ऐकलं. पुढला काळ त्याचा पक्का होता.

पहिला दिवस कुंडलिकबाबांचा. कमळाकरला कणकण. दुसरा दिवस नामाचा, सावडीतलं उरलेलं घर त्याचं. ह्या दिवशी आला, पण कोट घालून. बांधावर उभा राह्यला आणि नामाला म्हणाला, आज सोमवार, डाकेचा वार, पत्र आलं असलं तर चिखलाच्या पायांनी कसं जायचं. आणि गेला टोकावड्याला. तिसरा दिवस आमचा, तेव्हा हा कुठं होता ते मी विचारलंसुद्धा नाय. सुंदरा तिन्ही दिवस सगळ्यांच्या खाचरात वाकलेली.

चौथ्या दिवशी सुंदराच्या खाचरात कोणी आलं नाय. ती नामाकडं गेली, कुंडलिकबाबांकडं गेली. दोघंही म्हणाले, नेम तो नेम. तिचं रोप महिन्याचं झालेलं. अजून चार दिवस गेले असते तर म्हातारं झालं असतं, मग लावलं काय नि न लावलं काय, फुटवा नाय. वर्षाचं भात त्या रोपात होतं. तिचं दुसरं शेत नाय.

पाचव्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. त्यांचा एक बैल, आमचा एक, अशी जोडी. वाटलं, देव पावला, भावजी उठले. बाहेर येऊन बघते तर सुंदरा खाचरात, लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं, पाठीवर इरलं, आणि हातात रुमणं.

खोटं नाय सांगत, मीसुद्धा पहिल्यांदा मनात म्हटलं, हे काय केलंस गो बाई. बघता बघता बांधावर माणसं जमली. कोणी पुढं होईना. मला राहवेना. मी खाचरात उतरले आणि बैलांच्या पुढं झाले, त्यांना धरून चालायला. नांगर वाकडा जात होता, पण जात होता.

तेवढ्यात छत्री आली. छत्रीखाली कमळाकर.

"सुंदरा, सोड ते," तो म्हणाला. "लोक मला काय म्हणतील?"

सुंदरानं बैल थांबवले. नांगर चिखलातून उपसला आणि रुमणं त्याच्याकडं केलं. "धरा मग," म्हणाली.

सगळे बघत होते. कमळाकरनं आधी चिखलाकडं बघितलं, मग स्वतःच्या वहाणांकडं. मी त्याची वयनी, त्याला लहानपणापासून न्हाऊ-माखू घातलेली. त्या घटकेला मनापासून वाटत होतं, धर रे बाबा, एकदा तरी धर.

"उद्या धरतो," कमळाकर म्हणाला.

सुंदरानं नांगर परत चिखलात रोवला. कुंडलिकबाबा धोतर खोचून खाली उतरले. म्हातारा माणूस, आवाज बसलेला. "पोरी, सर बाजूला. दे मी हाकतो. झालं गेलं."

"नको बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाय, साधं सांगितलं. "तुमचा दिवस मी फेडणार कशी? माज्याकडं माणूस नाय."

नवरा दहा हातांवर छत्री धरून उभा होता. कुंडलिकबाबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाय. ते वळले आणि नामाला म्हणाले, "जा, आउतं घेऊन ये. ही आज तिच्या खाचरात हाकते, उद्या तुज्या उरलेल्या खाचरात हाकंल. तिचा दिवस गड्याचा धरा."

नामा म्हणाला, "आणि नेम?"

"नेम मी केलेला नाय, आणि तूपण नाय. जा."

दुपारपर्यंत तीन आउतं फिरली. दोन दिवसांत आवणी उरकली. शेत रुसलं नाय, भात नेहमीसारखंच आलं. त्या सालापासून आमच्या सावडीत सुंदराचा दिवस गड्याचा म्हणून धरतात. कमळाकरचा कशातच धरत नायत.

पत्र काय आलं नाय. पाद्रीच्या देशात लढाई चालली होती म्हणे, मग तर सगळ्या जगातच लागली. कमळाकरला ते बरंच पडलं, पत्र न येण्याला कारण मिळालं.

ती आवणी उरकली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र सांगते. दुपारी कुडापलीकडं पुन्हा सुरू झालं, त्राबाहो, त्राबाहास. मला वाटलं, सुंदरा नेहमीसारखी ऐकून घेईल. ती म्हणाली, "आता बंद करा ते. मी थकलेय, मला निजायचंय."

त्यानं वही मिटली. मी इकडं जात्यावर बसले होते, ते मीपण थांबवलं, आणि ती उठेपर्यंत पुन्हा फिरवलं नाय.