अक्कांची कॉफी-परीक्षा

परदेशी मुलांना रुळवायचं कसं हे शिकून यायला प्राचार्यांनी मला मद्रासला पाठवलं, तेव्हा मी स्वतः दौंडच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. पुढच्या वर्षी आमच्या पुण्याच्या कॉलेजात आफ्रिकेतून विद्यार्थी यायचे होते, आणि मद्रासच्या एका कॉलेजात ते आधीच आले होते. बायकोने दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली. ती शिदोरी गुंटकलपर्यंत पुरली. पुढे इडलीचा मुलूख लागला.

सेंट्रल स्टेशनवर उतरलो तर सकाळीच टोपी डोक्याला चिकटेल असा उकाडा. तिथल्या कॉलेजात परदेशी मुलांची व्यवस्था पाहणारे प्राध्यापक वेंकटराव मला घ्यायला आले होते. "येवा, येवा! प्रवास सुखें झाला की?" त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेले. त्यांचं मराठी ऐकताना एखादी जुनी बखरच आपली बॅग उचलायला आली आहे असं वाटे. समोरच्या पार्क स्टेशनावरून आम्ही विजेची गाडी धरली आणि मांबलमला उतरलो.

माझा मुक्काम पश्चिम मांबलममध्ये, वेंकटरावांच्या थोरल्या बहिणीकडे होता. त्यांना सगळे अक्का म्हणत. दारात रांगोळी, पुढे तिण्णै (बसायचा ओटा), आत पितळी कड्यांचा झोपाळा. केळीच्या पानावर भात इतका वाढला की पलीकडचं सांबार दिसेना. मी हात आडवा धरला, तरी अक्का वाढतच राहिल्या.

वेंकटरावांच्या जिवाला मात्र वेगळाच घोर होता. युगांडाहून आलेला डॅनियल अजून स्टेशनजवळच्या लॉजवर पडून होता. गल्लोगल्ली 'खोली भाड्याने' अशा पाट्या होत्या, पण दारात डॅनियल उभा राहिला की खोली हटकून कालच गेलेली असे. मुलगा कंटाळला होता. खोली मिळाली नाही तर पुढच्या बोटीने घरी परत जातो, असं त्याने सांगून टाकलं होतं.

आता अक्कांच्या माडीवरची खोली तेवढी उरली होती. अक्कांना वेंकटरावांनी कसं राजी केलं ते देव जाणे. पण एक अट त्या सोडायला तयार नव्हत्या.

"आमच्या घरीं पेल्याला तोंड लावून चालत नाहीं," वेंकटराव म्हणाले. "एच्चिल (उष्टं) होतं. रविवारीं अक्का त्याला काप्पी देतील. बाकी कांहीं विचारणार नाहींत, नुसतं पाहतील. तुमी आपलेच लोक, तुमाला येतंच. शिकवा त्याला."

"त्यात काय आहे!" मी म्हणालो. लहानपणापासून मी तांब्याने वरून पाणी प्यालेला माणूस.

लॉजच्या गच्चीवर शिकवणी सुरू झाली. डॅनियल ताडमाड उंच, हसरा, आणि बोलण्यात अतिशय अदबशीर. आमचं संभाषण इंग्रजीत चाले. पहिला तांब्या त्याच्या शर्टावर रिता झाला, दुसरा नाकात गेला. मी मात्र मान मागे टाकून, एक थेंब न सांडता घटाघट पिऊन दाखवत होतो. शनिवार संध्याकाळपर्यंत त्यालाही जमू लागलं.

"सर, कॉफीचंही असंच ना?" त्याने विचारलं.

"अगदी असंच," मी छाती फुगवून सांगितलं. कॉफी गरम असते, हे एवढं शिकलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये!

रविवारी अक्का झोपाळ्यावर, वेंकटराव खांबाला टेकून, आणि आम्ही दोघे चटईवर. डॅनियलचे गुडघे कुठे ठेवावेत हे त्यालाच कळत नव्हतं. पितळी पेले डबऱ्यांत (पसरट वाट्यांत) ठेवून कॉफी आली. गुरूने आधी करून दाखवायचं म्हणून मी पेला उंच धरला आणि धार सोडली.

जीभ भाजली, घसा भाजला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात हलला, धार हनुवटीवरून सदऱ्यात शिरली, आणि ती सावरायला मी पेला सरळ ओठांना लावला.

झोपाळा थांबला. वेंकटरावांनी डोळे मिटले. गेली खोली, आणि तीही माझ्यामुळे, या विचाराने मला भाजल्याचंही भान राहिलं नाही.

डॅनियलने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो अक्कांकडे पाहत होता. अक्का आपली कॉफी पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात ओतत होत्या, निवेपर्यंत. त्यानेही तसंच केलं. सावकाश, न सांडता. मग मान मागे केली आणि बारीक धारेने सगळी कॉफी पिऊन टाकली.

अक्कांनी पायाने झोपाळ्याला झोका दिला. "हा पोर राहूं दे माडीवर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी उद्यांपासून तिण्णैवर बसून काप्पी प्यावा. तुमचा पेला वेगळा ठेवतें."

वेंकटराव एवढे हसले की त्यांना उचकी लागली. डॅनियलचे डोळे पाणावले होते. मला तर त्या क्षणी त्या ओट्याचाही अभिमान वाटला.

उरलेले दिवस मी बाहेर आणि माझा शिष्य आत अशी आमची कॉफी होई. एकदा शेजारच्या मामींनी रस्त्यावरून विचारलं, आत बसलाय तो कोण? मग माझ्याकडे बोट दाखवलं, आणि हे कोण? अक्का तमिळमध्ये उत्तरल्या, ते वेंकटरावांनी मला मराठी करून सांगितलं: "आंत आहे तो आमच्या माडीवरचा. बाहेर बसलेत ते परदेशी."

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. बाकीच्या घरमालकांनी डॅनियलला कुठली अटच घातली नाही, म्हणून त्याला काही करून दाखवता आलं नाही. अक्कांची अट कडक खरी, पण ती शिकता येण्याजोगी होती. असं एक घर मिळालं की मूल परक्या गावात टिकतं.

पुण्यात प्राचार्यांनी विचारलं, "काय हो, परदेशी माणूस रुळायला वेळ किती लागतो?"

"युगांडाचा आठवड्यात रुळतो, सर," मी म्हणालो. "पुण्याचा अजून ओट्यावर आहे."