भट्टीला नमस्कार

देशी दारूच्या दुकानासमोरून रिक्षा गेली की मामा हात जोडायचे. तो ओझरता नमस्कार नव्हे. आधी स्वतःच्या मांडीवरची भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवायची, टोपी नीट करायची आणि मग दोन्ही हात छातीशी नेऊन, मान वाकवून, अगदी रीतसर. नागपुरात अशा दुकानाला भट्टी म्हणतात, आणि आमच्या केंद्रातून जरीपटक्याच्या बाजाराला जाताना ती वाटेतच लागायची. ओट्यावर बसलेली मंडळी खदाखदा हसायची. त्यांना म्हातारा ओळखीचा होता, पण त्याच्या शेजारी बसलेली चष्मेवाली बाई कोण, हे कोडं सुटत नसे.

“मामा, लोक बघतात हो,” मी म्हणायची.

“पाहू द्या ना बाई. जुनी ओळख आहे. रस्त्यात भेटली त नमस्कार कराचा, घरी नाही आनाचं.”

ही ऐंशी सालानंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. मी एका व्यसनमुक्ती केंद्रात समाजसेविका होते आणि मामा तिथले स्वयंपाकी. त्याआधी ते आमचेच रुग्ण होते, आणि त्याही आधी गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी वाहायचे. बरे झाल्यावर त्यांना निरोप द्यायचा ठरला, तर हे गृहस्थ स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरत बसले. “घरी कोनी नाही, अन् तुमच्या वरनाले चव नाही,” एवढंच म्हणाले. वरणाबद्दल कोणालाच वाद घालता येईना, म्हणून ते राहिले.

घरी कोणी नाही हे मात्र अर्धंच खरं होतं. सावनेरला त्यांची लेक दिली होती. बापाचं पिणं तिनं लहानपणापासून सोसलेलं. ते सुटलं हे तिला पटायलाही बराच काळ गेला, आणि मग तिनं दार उघडलं ते एका अटीवर. मामा सावनेरला गेले की उंबऱ्याबाहेर वाकून उभे राहायचे, लेक त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची आणि मगच बाजूला व्हायची. मला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं. मामांना काही नाही. “तिचं बरोबर आहे. मंदिरात जाताना चपला काढाच लागते ना?” एकच गोष्ट त्यांना आत कुठेतरी टोचायची. लेकीला मुलगा झाला होता, आणि तो अजून तिनं यांच्या हातात दिला नव्हता. हे नुसते पाळण्याशेजारी बसून टाळ्या वाजवून परत यायचे.

अशात आमच्याकडे सिनेमावाले आले. दिग्दर्शक धरमपेठेतलाच मुलगा, बाहेरगावी सिनेमा शिकून आलेला. गोष्ट अशी की एक तरुण दारूपायी वाया जातो, व्यसनमुक्ती केंद्रात येतो आणि माणसात येतो. अर्धं चित्रीकरण आमच्याच वॉर्डात. हिरो मुंबईचा आणि इतका गोरागोमटा की आमच्या रुग्णांचा त्याच्यावर विश्वासच बसेना. हिरोचा पिण्यातला जुना साथीदार म्हणून जो नट यायचा होता तो ऐन वेळी आजारी पडला. दिग्दर्शकानं स्वयंपाकघरात डोकावून पोळ्या लाटणाऱ्या मामांना पाहिलं आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, “हाच चेहरा!”

मी साफ नाही म्हटलं. कारण तो प्रसंग खऱ्याखुऱ्या भट्टीत घ्यायचा होता, त्याच त्या वाटेवरच्या. दुसऱ्या दिवशी भाजी करपली, तिसऱ्या दिवशी भात कच्चा. चौथ्या दिवशी मामाच बोलायला आले.

“बाई, बाटलीत पानी राह्यते म्हनते. देशी अन् पानी, रंग सारखाच.”

“पाण्याचं नाही हो मामा, जागेचं काय?”

“जागा काय करते? नातू मोठा झाला का टाकीजमधी पाह्यन मले. म्हनन, हा माहा आबा.”

मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण सुधारलं.

मग तालमी सुरू झाल्या. दारुड्याचं काम शिकवायला आमच्या केंद्रात माणसांची कमी नव्हती. रुग्णांतला एक रिक्षावाला म्हणे पिलेला माणूस डावीकडे झुकतो, दुसरे एक शाळामास्तर म्हणत छे, तो उलट फार सरळ चालायला बघतो. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि दोघांनीही आपापली चाल वऱ्हांड्यात करून दाखवली. पाहुणे डॉक्टर नेमके तेव्हाच आले, त्यांची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. मामा मात्र काकुळतीला आलेले. “मले पिल्यावरचं काहीच आठवत नाही ना बाई! आठवलं असतं त इतकी वर्षं पेलो काहून असतो?”

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळीच सावनेरच्या एसटीनं लेक आली, कडेवर बाळ. भट्टीसमोर दोरी बांधून गर्दी अडवली होती, तिच्यात ती माझ्याशेजारी उभी राहिली. “बाबा खरंच पानी पेनार ना वं बाई?” तिनं मला दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

सिनेमात एक भानगड असते. तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा तर बाटलीही पुन्हा तितकीच भरलेली दिसावी लागते. हिरोचं वाक्य सारखं अडखळत होतं, त्यामुळे दोन पेले रिकामे, बाटली पुन्हा भरा, असं चालू होतं. भट्टीचा मालक हे सगळं गल्ल्यावरून बघत होता आणि त्याचं तोंड उतरत चाललं होतं. शेवटी सिनेमावाल्यांचं पाणी संपलं आणि त्यांचा माणूस मडकं घेऊन नळावर गेला. तेवढ्यात मालक उठला आणि आपल्या हातानं बाटली भरून टेबलावर ठेवून गेला. कॅमेऱ्याजवळ सगळ्यांना वाटलं, पाणी आलं.

पाणी नव्हतं ते. नंतर मी त्याच्यावर तडकले तेव्हा तो बिचारा उलट दुखावून म्हणाला, “इतकी वर्षं माह्याकडं बसला तो मानूस. आज सिनेमावाले घेऊन आला, अन् माह्या दुकानात मी त्याले पानी पाजू काय?” त्याच्या हिशेबी तो पाहुणचार होता. आणि पाहुणचारात आमचं नागपूर कधी माघार घेत नाही.

कॅमेरा सुरू झाला. मामांनी दोन्ही पेले भरले, एक हिरोपुढे सरकवला, दुसरा उचलून ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

मला दोरीपलीकडूनही दिसलं. आधी नाकपुड्या फुलल्या, मग डोळे एकदम ओले झाले. पेला कलला आणि थोडी दारू त्यांच्या सदऱ्यावर सांडली. दिग्दर्शकाला वाटलं, काय अभिनय आहे! त्यानं कॅमेरावाल्याला बोटानं खूण केली, चालू ठेव. मी ओरडायला तोंड उघडलं. लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

मामांनी पेला खाली ठेवला. टोपी नीट केली. दोन्ही हात छातीशी नेले आणि मान वाकवून पेल्याला नमस्कार केला, रिक्षातून करायचे तसाच, रीतसर. त्यांचं खरं वाक्य होतं, “घे गा, एकानं काय होते?” ते राहिलंच. ते हिरोला म्हणाले, “तू बस गा. मी निघतो. माही पोरगी उभी आहे बाहेर.”

आणि निघाले. बावरलेल्या हिरोनं आपला पेला एका दमात रिचवला. पुढचा ठसका, डोळ्यांतलं पाणी आणि टेबल धरून उभं राहणं, हे त्या सिनेमातलं त्याचं सर्वांत चांगलं काम ठरलं.

मामा दोरीपाशी आले, पण चार हात अलीकडेच थांबले. “अंगाले वास येऊन राह्यला वं पोरी माह्या. सदऱ्यावर सांडली. पन घेतली नाही मी.” आणि नेहमीसारखे वाकून उभे राहिले, लेकीनं तोंड हुंगावं म्हणून.

लेक दोरीखालून वाकून पलीकडे गेली. तिनं हुंगलं नाही. कडेवरचं बाळ उचलून सरळ त्यांच्या हातात ठेवलं, दारूनं भिजलेल्या त्या सदऱ्यावर. बाळानं लगेच टोपी ओढली. मामा रडत होते आणि हसत होते, आणि मीही काही वेगळं करत नव्हते.

सिनेमा एका टाकीजला सकाळच्या खेळाला लागला, आठवड्यात उतरला. आमच्या सगळ्या केंद्रानं तो पाहिला. मामा पडद्यावर आले तेव्हा शिट्ट्यांनी टाकीज दणाणलं, आणि खुर्चीतले मामा लाजून मांडीवरच्या नातवामागे लपले. पुढे लेकीनं त्यांना कायमचं सावनेरला नेलं. तिथे ते सुखानं राहिले, तिच्या हातचं वरण नावं न ठेवता जेवले आणि एका दुपारी नातवाला गोष्ट सांगता सांगता गेले.

बातमी कळल्यावर मी सावनेरला जाऊन आले. दोन दिवसांनी भाजी आणायला एकटीच निघाले. रिक्षा भट्टीसमोर आली. मी पिशवी बाजूला ठेवली, आणि काय करतेय हे कळायच्या आत माझे दोन्ही हात छातीशी गेले.

ओट्यावर या वेळी कोणी हसलं नाही. रिक्षावाल्यानं तेवढा ब्रेक दाबला आणि मागे वळून, आवाज खाली आणून विचारलं, “थांबू काय बाई?”

“नाही गा,” मी डोळे पुसत म्हटलं. “चल तू. जुनी ओळख आहे.”