सतरा नंबरचा बिल्ला

माझ्या काकाला मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आलो. तो होताच. पण त्याच्या मूर्खपणाच्या गल्ल्यावर मीच मोठ्या ऐटीत बसलो होतो, हे सांगायचं तेवढं टाळत आलो.

बिरवाडीत माझ्या विधवा आत्याची खानावळ होती. महाडची औद्योगिक वसाहत तेव्हा वाढत होती आणि पाळीवर जाणारी माणसं बिरवाडीत खोल्या घेऊन राहत. नवा माणूस पाटावर बसला की आत्याची उलटतपासणी सुरू. "कुठला रे तू? तुडीलचा? मंग माझ्या नणंदेच्या गावचा हायेस की! कुणाचा?" ओळख निघेपर्यंत ती भाकरी हातातच धरून ठेवी. दुसऱ्या दिवशी तो माणूस खोलीतल्या आणखी चौघांना घेऊन येई. एसटीचे कंडक्टर गावोगावचे निरोप तिच्याकडे टाकून जात आणि वाढता वाढता ती ते ज्याच्या त्याच्या कानावर घाली. मी बी.कॉम. झालेला. मला हे सगळं अडाणी आणि लाजिरवाणं वाटे.

मग मुंबईहून गाशा गुंडाळून आलेल्या काकाने सख्ख्या बहिणीच्या खानावळीसमोरच हॉटेल थाटलं. निर्लज्ज माणसाला लांबची जागा कशाला लागते? सनमायकाची टेबलं, बेसिनवर आरसा आणि गल्लीतला एकुलता एक फोन. "घरून फोन आला तर हितं येईल, अपनी सर्विस फर्स्ट क्लास हाय," असं तो ज्याला त्याला सांगे. जेवणाऱ्यांना त्याने नंबर घातलेले पितळी बिल्ले दिले. नाव-गाव विचारायचं नाही, मोठ्याने हाक मारायची नाही. "हॉटेल हाय, पाणवठा नाय." मी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या; त्याच्या गल्ल्यावर जाऊन बसलो, नियमांचा फलकही मीच रंगवला. दोन महिन्यांत आत्याकडे चार-पाच म्हातारे उरले. तरी ती दोन्ही वेळ चूल पेटवी, कारण त्या चुलीशिवाय पोट भरायला तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

एका सकाळी फोन आला. तुडीलहून महाडच्या बाजारात आलेला कुणीतरी सांगत होता, अमक्याची आई शेवटच्या घटका मोजतेय, त्याला लगेच धाडून द्या. मी नाव लिहून घेतलं आणि वही चाळली. वहीत नावं नव्हतीच, नुसते नंबर.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"येडा का काय? बोर्डवर लाव," काका म्हणाला.

मी चिठ्ठी लावली. अक्षर सुरेख काढलं होतं, हेही आठवतं.

दोन दिवस सतरा नंबरचा माणूस त्या चिठ्ठीखाली बसून जेवला. आत्याने ज्याची ओळख काढली होती, तोच हा तुडीलचा. त्याला वाचता येत नव्हतं, त्याच्या खोलीतल्या सोबत्यांनाही नाही. ज्यांना येत होतं ते त्याला सतरा म्हणूनच ओळखत. तिसऱ्या दिवशी कंडक्टरने आत्याला निरोप दिला. पदर खोचून ती रस्ता ओलांडून आली, माझ्याकडे न बघता सरळ त्याच्या टेबलाशी गेली.

"ऊठ रे बाबा. तुझी आय गेली."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बिल्ला टेबलावर ठेवून तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर बिल्ल्यांचा ढीग जमला. त्या ढिगाकडे बघत काका म्हणाला, "आपली जाहिरात कमी पडली."

हॉटेल बंद पडलं, काका मुंबईला पळाला. मी काही दिवस पोलादपुरात घरी तोंड लपवून बसलो आणि मग एका दुपारी आत्याकडे गेलो. पंगत भरली होती, दाराबाहेर माणसं खोळंबली होती. मी कोपऱ्यातला पाट धरला. आत्याने ताट मांडलं, भाकरी हातातच धरली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"कुठला रे तू?" तिने विचारलं. "कुणाचा?"